कणगी भरली, मन रिते

या पानावर आम्ही सहसा भाताच्या करप्याविषयी, उसाच्या खोडव्याविषयी, काजूवरच्या ढेकण्याविषयी, नाहीतर मधुमेहाच्या पथ्याविषयी लिहितो. या वेळी ज्या दुखण्याविषयी लिहावयाचे आहे ते पिकाचेही नाही आणि वरवर पाहता देहाचेही नाही. माणसाचे सारे ठीक चाललेले असते. घर झालेले असते, कर्ज फिटलेले असते, मुले मार्गाला लागलेली असतात, आणि नेमक्या अशाच वेळी त्याला वाटू लागते की हे सगळे कशासाठी? असे वाटणे एखाद्या संध्याकाळपुरते असेल तर कोणी मनावर घेऊ नये. पण महिनेच्या महिने हाच प्रश्न उशाशी बसून राहिला, तर त्याची दखल घेतलीच पाहिजे, असे आमचे मत आहे.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात गेल्या तीस-चाळीस वर्षांत बऱ्याच घरांचे दिवस पालटले. कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहिले. भात आणि रताळी होत होती त्या रानात बोअरच्या पाण्यावर ऊस आला. एक मुलगा आखातात, दुसरा पुण्यात किंवा बंगळूरला, मुलगी परगावी नर्स. हे कष्टाचे फळ आहे आणि त्याबद्दल देवाचे उपकारच मानावेत. पण अशा घरांत गेले की वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलपे दिसतात. फेस्ताला मुले येतात तेव्हा ती उघडतात, आठवडाभर घर गजबजते, आणि पुन्हा कुलपे लागतात.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, वय पासष्टीच्या पुढे. बागायत चांगली, देणे कोणाचे नाही. दुपारी जेवून व्हरांड्यात बसतात ते तिन्हीसांजेपर्यंत. काय होतंय म्हणून विचारले तर उत्तर एकच, "काही नाही." एकदा मात्र ते मोकळे बोलले. म्हणाले, "उसाचं बिल जमा झालं की मोबाईल वाजतो. पूर्वी बिल यायच्या आधी महिनाभर डोक्यात हिशोब चालायचा, सोसायटीचं किती, पोरांची फी किती, बियाण्याला किती. आता वाजला तर वाजला. उठून बघावंसंसुद्धा वाटत नाही बघा." बायकांचे दुखणे निराळ्या वाटेने येते. एक मावशी सांगत होत्या की परातीत पीठ घेऊन बसले की दोन भाकऱ्यांत काम संपते. आठ माणसांच्या भाकऱ्या थापलेल्या हाताला मग काय करावे ते सुचत नाही.

अशा माणसाला आपण काय सांगतो? "तुम्हाला काय कमी आहे?" हे पहिले वाक्य. "लोकांना खायला मिळत नाही, तुम्ही देवाचे आभार माना," हे दुसरे. वाक्ये खोटी नाहीत, पण त्यांनी भले होत नाही. कारण आपल्याला काही कमी नाही हे त्या माणसाला ठाऊकच असते, आणि त्याचीच त्याला लाज वाटत असते. आपण त्या लाजेत भर घालतो इतकेच. मग तो बोलणे सोडतो. कोणी करणी झाली म्हणून कोठे तरी घेऊन जातो, कोणी संध्याकाळी एक पेला पुढे करतो, आणि हा दुसरा उपाय तर दुखण्यापेक्षा वाईट.

मोबाईलमुळे आणि पैशामुळे आलेले हे नवे फॅड आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. रशियाचा थोर लेखक टॉलस्टॉय १८२८ साली जन्मला. त्याच्या दोन मोठ्या कादंबऱ्या, 'युद्ध आणि शांती' व 'अॅना कॅरेनिना', पन्नाशीच्या आत लिहून झाल्या होत्या. कीर्ती होती, पत्नी होती, भरपूर मुले होती, देहाने तो कणखर होता आणि शिवाय मोठा जमीनदार होता. त्या सुमारास त्याच्या मनाने घेतले की पुढे काय? 'कबुली' या नावाने त्याने हे सारे १८७९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत लिहून काढले. त्यातली एक गोष्ट शेतकऱ्याने जरूर ऐकावी. शेतीच्या कारभाराचा विचार करताना त्याला मध्येच वाटे, ठीक आहे, समारा प्रांतात आपली सहा हजार देस्यातीन जमीन होईल, तीनशे घोडे होतील, आणि मग? सहा हजार देस्यातीन म्हणजे आपल्या हिशोबाने सोळा हजार एकर. सोळा हजार एकरांचा धनी 'मग?' या दोन अक्षरांपाशी अडला. पुढे तर त्याने घरातला दोर आपल्या स्वतःपासून लपवून ठेवला आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणे सोडले. आपल्या हातून भलते काही होईल, अशी त्याला भीती वाटू लागली होती.

त्याला थोडी वाट सापडली ती गावातल्या कष्टकरी माणसांकडे पाहून. ही माणसे आजार सोसत, दुःख सोसत, शांतपणे मरत, आणि 'कशासाठी' हा प्रश्न त्यांना गिळून टाकत नसे. दुसऱ्याच्या कष्टावर चालणारे आपले जिणेच पोकळ आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. मग तो नांगर धरू लागला, गवत कापू लागला, जोडे शिवायला शिकला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या चरित्रातून 'नांगर धरा, सारे ठीक होईल' असा धडा काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. घरचा आणि इस्टेटीचा भार त्याच्या पत्नीने वाहिला, त्याची हस्तलिखिते तिने पुन्हा पुन्हा उतरवून दिली, आणि उतारवयात दोघांचे पटेनासे झाले. १९१० साली, बयाऐंशीव्या वर्षी, तो एका रात्री घर सोडून निघाला आणि अस्तापोवो नावाच्या एका लहान रेल्वे स्टेशनात वारला. प्रश्न त्याने खरा विचारला. उत्तर मात्र त्याच्या स्वतःच्या घरात पुरते रुजले नाही.

आपल्या ख्रिस्तसभेला तर हे दुखणे त्याच्याही पंधराशे वर्षे आधीपासून माहीत आहे. उपदेशकाच्या पुस्तकात घरे बांधणारा, द्राक्षमळे लावणारा, झाडांना पाणी देण्यासाठी तळी खोदणारा राजा भेटतो, आणि शेवटी त्याच्या हाती वारा लागतो. लूकच्या शुभवर्तमानातला कोठारे मोठी करणारा शेतकरी आपण दरवर्षी मिस्सात ऐकतो, पण तो कोणी दुसराच आहे असे समजून ऐकतो. सर्वांत बारकाईने लिहिले ते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी. इव्हाग्रियस नावाच्या एका तपस्व्याने 'अकेडिया' या विकाराचे वर्णन केले आहे. दुपारच्या वेळी तो येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा झाल्यासारखा वाटतो. माणूस सारखा खिडकीकडे पाहतो, हातातल्या कामाचा त्याला वीट येतो, आणि आपली कोणाला पर्वा राहिली नाही असे त्याच्या मनात भरते. आमच्या त्या व्हरांड्यातल्या गृहस्थांचे याहून नेमके वर्णन आम्हांला करता आले नसते.

पुढे घोळ झाला तो शब्दाचा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी मुख्य दुर्गुणांची यादी नव्याने मांडली, तीत या विकाराची खिन्नतेशी सांगड पडली, आणि कालांतराने सात प्रमुख पापांच्या यादीत तो 'आळस' म्हणून येऊन बसला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण हाच शब्द पाठ केला. परिणाम असा की ज्याचे मन विझले आहे त्याला आपण आळशी म्हणतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे पहाटे पाचला उठून धारा काढल्या, तो साठीनंतर एकाएकी आळशी कसा होईल, एवढा साधा विचारही कोणी करीत नाही.

आता आमचे मत. शेती आणि घर यांची रचना गेल्या काही दशकांत अशी बदलली की घरच्या वडीलधाऱ्यांवाचून कोणाचे काही अडेनासे झाले. पूर्वी लावणी पैऱ्याने होत असे. आज आमच्या खाचरात, उद्या तुमच्या. एक माणूस आला नाही तर कोणी तरी दारात येऊन हाक मारी, "काय हो, आज का नाही आलात?" चिखलणीला बैल कोणाचे, तरवा कोणाचा, दुपारची भाकरी कोणाकडे, हे सारे एकमेकांत गुंतलेले असे. आता रोटावेटर तासावर येतो, लावणीची टोळी एकरावर येते, उसाची तोडणी कारखान्याची टोळी करते. मालकाचे काम फोन करण्याचे आणि पैसे देण्याचे.

त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पावसात दिवसभर कमरेत वाकून रोप लावणाऱ्या बायकांच्या पाठी काय म्हणत होत्या ते त्यांनाच विचारावे. पैरा बरोबरीच्यांत चाले. ज्याला जमीन नव्हती त्याच्या पदरात चार शेर धान्यच पडे. यंत्र आले हे बरेच झाले. पण जे गेले त्यात ती दारातली हाकही गेली, आणि ती कोणी मोजली नाही.

याच्या जोडीला मुलांचे प्रेम. "बाबा, आता तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा." हे वाक्य आम्ही किती तरी घरांत ऐकले आहे. त्यामागची माया खरी, पण त्याचा अर्थ वडिलांच्या कानी असा पडतो की तुमच्यावाचून आता चालते. मग म्हैस विकली जाते. परसातले वांगी-मिरचीचे वाफे नाहीसे होऊन तेथे फरशी येते. पहाटे पाचला उठण्याचे कारण संपते. अर्थात 'जीवनाचा अर्थ' हा मोठा शब्द आहे आणि तो म्हशीच्या दाव्याला बांधता येत नाही, हे आम्हांला समजते. पण देवाच्या दयेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसालाही दिवस काढायचा असतो तो हातापायांनीच, आणि कोणी तरी आपली वाट पाहत आहे या जाणिवेने.

आरोग्याचे पान असल्यामुळे पुढची गोष्ट आम्ही अधिक स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक रितेपण हे केवळ विचाराचे नसते. कशातच गोडी न वाटणे किंवा मन सतत उदास असणे, हे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकले, सोबत झोप बिघडली, भूक गेली, थकवा आला, आपण निरुपयोगी आहोत असे सारखे वाटू लागले, तर त्याला वैद्यकात नैराश्य म्हणतात आणि त्याला उपचार आहेत. आधी रक्त तपासून घ्यावे. थायरॉईडचा स्राव कमी पडला, रक्त कमी असले, बी-१२ कमी झाले, तरी माणूस असाच मलूल होतो, आणि ते साध्या गोळ्यांनी सुधारते. मनाच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. आठ दिवसांत गुण नाही म्हणून ती सोडू नयेत. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने ती घ्यावीत. दारू हे नैराश्यावरचे औषध नाही, ती ते वाढवते. आपल्याला धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे, गोव्याकडच्यांना बांबोळीची. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

"माझी श्रद्धा कमी पडली म्हणून असे होते" असे म्हणून पुष्कळ भाविक डॉक्टरकडे जात नाहीत. त्यांनी कलकत्त्याच्या संत तेरेसांची पत्रे आठवावीत. १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या बाईंनी आपल्या आतल्या काळोखाविषयी धर्मगुरूंना वर्षानुवर्षे लिहिले होते, ते २००७ साली पुस्तकरूपाने जगापुढे आले. त्यांचा काळोख आध्यात्मिक होता आणि नैराश्याचा आजार ही निराळी गोष्ट. दोन्हींची गल्लत करू नये. पण मनात अंधार आहे याचा अर्थ देवाने टाकले किंवा आपण देवाला टाकले असा होत नाही, एवढे तरी त्यावरून कळते. पापनिवेदनाला जरूर जावे आणि डॉक्टरकडेही जावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धोका असतो, त्याविषयी लिहिताना आम्हांला संकोच वाटत नाही. औषधाच्या बाटल्या. फवारणीचे औषध गोठ्याच्या कोनाड्यात, माळ्यावर, कधी कधी झोपण्याच्या खोलीतल्या खाटेखाली असते. मरणाचा विचार हा पुष्कळदा काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा झटका असतो; त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. लोकांची दुःखे काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती. म्हणून औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि उरलेली बाटली पुढच्या हंगामासाठी जपून ठेवू नका. ज्या घरात असा घात घडून गेला आहे त्या घराकडे बोट दाखवू नका. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने स्पष्ट म्हटले आहे की मनाच्या भारी व्याधीने माणसाची जबाबदारी उणी होते, आणि त्याच्या तारणाची आशा आपण सोडू नये.

घरच्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. वडिलांना पैसे पाठवता ते पाठवाच, पण त्यांना काही विचारा. "पाणी कोणत्या सरीला आधी सोडू?" असा खरा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. करमणूक म्हणून विचारलेला प्रश्न म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येतो. म्हैस झेपत नसेल तर दोन शेळ्या, नाहीतर कोंबड्या ठेवा. परसातली फरशी थोडी उचकटा. नातवाला सुट्टीत महिनाभर गावी ठेवा, आणि आजोबांबरोबर रानात पाठवा, मोबाईल घरी ठेवून.

आणि जे स्वतः व्हरांड्यात बसले आहेत त्यांना, त्यांच्याच वयाच्या नात्याने, एक सुचवावेसे वाटते. माळाची जमीन पडून असेल तर या पावसाळ्यात काजूची कलमे लावा. तुम्ही म्हणाल, या वयात कोणासाठी? लावून तर पाहा. सात ते आठ मीटरवर खड्डे घ्या, उन्हाळ्यात तापू द्या, शेणखत आणि चांगली माती घालून भरा, जून-जुलैमध्ये लावा आणि काठीचा आधार द्या. पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरते. तोवर एक काम सारखे असते. कलमाच्या जोडाखालून खुंटाचे धुमारे फुटत राहतात, ते जोमदार असतात आणि वेळीच काढले नाहीत तर वरचे कलम मरते. ते गड्याच्या सहसा ध्यानात येत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी जाणत्या माणसाने प्रत्येक रोपापाशी वाकून पाहावे लागते, आणि ते नखाने खुडता येतात.